मोबाईल, आई आणि बाळाची समज : संशोधन नेमकं काय म्हणतं?

"सगळं कळतं हो त्याला, फक्त बोलत नाही." दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला दवाखान्यात घेऊन आलेले आईवडील हे वाक्य हमखास बोलतात. त्यावर डॉक्टरांचा एक प्रश्न आता ठरलेला असतो, "मोबाईल किती वेळ बघतो?" आणि तो विचारला की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. सासूबाई म्हणतात, "मी सांगतच होते." नवरा एकतर गप्प बसतो, नाहीतर तोही मान हलवतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा भारी दवाखाना असो की सिडकोतला गल्लीतला, यात फारसा फरक पडत नाही.

लहान मुलं आणि स्क्रीन यांवरचे अभ्यास सतत बातम्यांत येतात. मथळा असतो, 'मोबाईलमुळे मुलांची बुद्धी खुंटते'. आत तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक ओळ असते : आईचं वय, शिक्षण, प्रसूतीनंतरचं नैराश्य या मातृघटकांचाही संबंध आढळला. वाचणाऱ्याला वाटतं, घ्या, शास्त्रज्ञही आईलाच जबाबदार धरतायत. त्या ओळीचा खरा अर्थ याच्या जवळजवळ उलटा आहे, आणि तो घराघरांत पोचावा म्हणून हा लेख. पण त्यासाठी बाळ शिकतं कसं, इथून सुरुवात करावी लागेल.

बाळाच्या डोक्यात चाललेलं काम

आकलनविकास म्हणजे मुलाची समजून घेण्याची, लक्षात ठेवण्याची, लक्ष टिकवण्याची, भाषा वापरण्याची आणि अडचण सोडवण्याची क्षमता वाढत जाणं. वाटीखाली लपवलेला चेंडू वाटी उचलून शोधणं हा आकलनविकास आहे, आणि "आई कुठे गेली?" म्हटल्यावर दाराकडे बघणं हाही. पाढे किंवा एबीसीडी पाठ असणं हा त्यातला फार छोटा भाग.

पहिल्या काही वर्षांत मेंदूच्या पेशींमध्ये दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात, असा हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राचा अंदाज आहे. या सगळ्या जोडण्या टिकत नाहीत. दिंडोरी-निफाडकडच्या वाचकांना हे लगेच समजेल. छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवर फुटी भरमसाट येतात आणि शेतकरी ठेवायच्या त्या ठेवून बाकीची फेलफूट काढून टाकतो. मेंदूतही असंच घडतं, फक्त तिथे निवड करणारा शेतकरी नसतो. जी जोडणी रोज वापरली जाते ती भक्कम होते, जी वापरात येत नाही ती हळूहळू जाते. म्हणून बाळाचा दिवस कशात जातो याला एवढं महत्त्व आहे.

पडद्यावरचा माणूस आणि समोरचा माणूस

अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची, घरात फक्त इंग्रजी ऐकणारी बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं दाखवली, खेळणी हातात घेऊन गप्पा मारल्या. अशी बारा सत्रं झाली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. नंतर चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखता येतात का, हे तपासलं. प्रत्यक्ष माणसासमोर बसलेली बाळं ते शिकली होती. व्हिडिओ बघणारी शिकली नव्हती.

आवाज तोच होता, चेहराही तोच होता. फरक एवढाच की समोरचा माणूस बाळाला उत्तर देतो. बाळाने बोट दाखवलं की तो तिकडे बघतो, बाळ हसलं की थांबतो, बाळाचं लक्ष उडालं की आवाज बदलतो. व्हिडिओ बाळाकडे बघत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना पडद्यावरून शिकणं माणसाकडून शिकण्यापेक्षा जड जातं, हे त्यानंतर वेगवेगळ्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वय वाढतं तसा हा फरक कमी होत जातो.

व्हिडिओ कॉलचं मात्र वेगळं आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, कारण पलीकडची व्यक्ती त्यांना प्रतिसाद देत होती. तेच ध्वनिमुद्रित करून दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. त्यामुळे पुण्यातल्या किंवा गावाकडच्या आजीशी मूल फोनवर बोलत असेल, तर त्याची काळजी करू नका. डॉक्टरांच्या संघटनाही व्हिडिओ कॉलला स्क्रीनच्या मर्यादेतून सूट देतात.

"पण आमची तर मोबाईलवरूनच रंग शिकली!"

हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्यही आहे. मुलं पडद्यावरून काही गोष्टी उचलतात. 'रेड', 'ब्लू' म्हणतात, वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणून दाखवतात. पण तेच मूल तहान लागल्यावर "पाणी दे" म्हणतं का, हे बघा. बोलणं म्हणजे आपल्या मनातलं समोरच्यापर्यंत पोचवणं. ऐकलेल्या ओळी पुन्हा म्हणून दाखवणं हे त्याहून वेगळं कौशल्य आहे, आणि आईवडिलांची अनेकदा इथेच फसगत होते.

२०१० साली अमेरिकेतल्या ज्युडी डिलोच यांच्या गटाने बाळांना शब्द शिकवण्यासाठी बनवलेला एक व्हिडिओ तपासला. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांनी तो महिनाभर घरी पाहिला. व्हिडिओ न पाहिलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यांत जास्त शब्द शिकली ती अशी मुलं, ज्यांच्या आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या कामात ते शब्द वापरले. आणखी एक गोष्ट त्यात आढळली : ज्या पालकांना तो व्हिडिओ आवडला होता, त्यांना मूल प्रत्यक्षात शिकलं त्यापेक्षा जास्त शिकल्यासारखं वाटत होतं.

आपल्याकडे यात इंग्रजीची ओढ मिसळते. मूल इंग्रजी शाळेत जाणार, म्हणून त्याच्या कानावर आत्तापासून इंग्रजी पडू दे, या भावनेने गंगापूर रोडच्या फ्लॅटपासून सातपूरच्या चाळीपर्यंत इंग्रजी गाण्यांचे चॅनेल लावले जातात. बाळाला भाषा लागते ती घरच्या माणसांच्या तोंडची. कळवण-सटाण्याच्या घरात ती अहिराणी असेल, सुरगाण्यात कोकणा असेल, नाशिक शहरात मराठी, हिंदी, उर्दू, काहीही असेल. ज्या भाषेत आईला रागावता येतं, लाडावता येतं, गोष्ट सांगता येते, त्या भाषेत बाळाचा पाया घडतो. दुसरी भाषा त्यावर नंतर बसते.

मिनिटामागे हरवणारे शब्द

आता मुख्य मुद्दा. स्क्रीनमधून निघणारं काहीतरी मेंदूला थेट इजा करतं, अशी अनेकांची समजूत असते. संशोधनात जास्त ठळकपणे पुढे येतो तो वेगळाच मार्ग : स्क्रीन चालू असताना जे घडायचं राहून जातं, त्याचा तोटा.

ऑस्ट्रेलियात मेरी ब्रश यांच्या गटाने २०२४ साली २२० कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाच्या अंगावरच्या कपड्यात एक छोटं यंत्र ठेवलं. दिवसभरात त्याच्या कानावर मोठ्यांचे किती शब्द पडले, ते स्वतः किती वेळा बोललं, आणि एकाने बोलून दुसऱ्याने उत्तर देण्याच्या किती फेऱ्या झाल्या, हे त्याने मोजलं. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द, मुलाचे जवळजवळ पाच उच्चार आणि संवादाची एकाहून किंचित जास्त फेरी कमी झालेली दिसली. मिनिटाला एक फेरी म्हणजे किरकोळ वाटेल. पण त्या मुलांचा स्क्रीनचा सरासरी वेळ पावणेतीन तासांच्या पुढे होता. त्या हिशेबाने एका दिवसात मोठ्यांचे हजाराच्या वर शब्द आणि संवादाच्या जवळपास दोनशे फेऱ्या जातात.

या फेऱ्यांनाच महत्त्व का? २०१८ साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचा मेंदू गोष्ट ऐकताना कसा काम करतो ते पाहिलं. घरात संवादाच्या फेऱ्या जास्त असलेल्या मुलांमध्ये भाषेशी जोडलेला भाग अधिक सक्रिय होता. घरचं उत्पन्न आणि आईवडिलांचं शिक्षण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. मला या अभ्यासातून सगळ्यांत मोठा दिलासा इथे मिळतो. मुलाशी बोलायला पदवी लागत नाही, पैसाही लागत नाही.

आणखी दोन गोष्टी घराघरांत दुर्लक्षित राहतात. पहिली, कुणी बघत नसताना नुसता चालू ठेवलेला टीव्ही. आजोबांच्या बातम्या चालू असतात, बाळ खाली डब्याशी खेळत असतं, म्हणून आपण समजतो की ते टीव्ही बघत नाहीये. पण मागे टीव्ही चालू असला की एक ते तीन वर्षांच्या मुलांचा एकाच खेळात रमण्याचा वेळ कमी होतो आणि आईवडील मुलाशी कमी बोलतात, असं २००८ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगांत दिसलं. दुसरी, मोठ्यांच्या हातातला मोबाईल. २०१७ सालच्या एका प्रयोगात आयांना आपल्या दोन वर्षांच्या मुलाला दोन नवे शब्द शिकवायला सांगितलं. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजला आणि आई फोनवर बोलली. तो शब्द मुलं शिकली नाहीत, दुसरा शिकली. शिकवण्याचा एकूण वेळ दोन्ही वेळा सारखाच होता.

झोपेचंही असंच आहे. ब्रिटनमध्ये सहा महिने ते तीन वर्षांच्या ७१५ मुलांच्या पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा टचस्क्रीनच्या दर तासामागे झोप सुमारे पंधरा मिनिटांनी कमी असल्याचं आढळलं. लहान मुलाचा मेंदू दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं करतो, त्यामुळे झोपेतली घट ही शिकण्यातली घट असते.

मग यात आई कुठून आली?

जपानमध्ये तोहोकू भागात ७,०९७ आई-मुलांच्या जोड्यांचा अभ्यास झाला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. एक वर्षाच्या वयात मुलाचा रोजचा स्क्रीनचा वेळ विचारला, आणि दोन व चार वर्षांच्या वयात त्याचा विकास तपासला. ज्यांचा स्क्रीनचा वेळ जास्त, त्यांच्यात चौथ्या वर्षी संवाद आणि अडचण सोडवणं या दोन बाबतींत मागे असण्याचं प्रमाण जास्त होतं. दिवसाला चार तास किंवा त्याहून जास्त स्क्रीन बघणाऱ्यांमध्ये ते सर्वाधिक होतं. हा झाला बातमीचा मथळा.

आता ती आतली ओळ. जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलांच्या आया कोण होत्या? वयाने लहान, पहिल्यांदाच आई झालेल्या, कमी शिकलेल्या, घरचं उत्पन्न कमी असलेल्या आणि प्रसूतीनंतर नैराश्यात गेलेल्या. या आया बेफिकीर होत्या, असं अभ्यासाने कुठेही म्हटलेलं नाही. ही यादी नीट वाचा. यात प्रत्येक शब्द आईच्या डोक्यावरच्या ओझ्याबद्दल आहे.

इथे संशोधकांना एक अडचण येते. समजा, एक आई नैराश्यात आहे. तिच्यात बाळाशी बोलायची ताकद उरत नाही, त्यामुळे मुलाचं बोलणं उशिरा येतं. आणि तीच थकलेली आई मूल शांत राहावं म्हणून मोबाईल देते. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं की मोबाईल बघणारं मूल मागे पडलं. पण मोबाईल आणि मागे पडणं या दोन्हींच्या मागे तिसरं कारण उभं आहे. म्हणून चांगले अभ्यास आईचं शिक्षण, उत्पन्न, मनाची अवस्था यांचा हिशेब करून मगच स्क्रीनचा वेगळा परिणाम शोधतात. जपानच्या अभ्यासानेही तो केला, आणि त्यानंतरही संबंध शिल्लक राहिला.

उलटी शक्यताही असते. मुळातच चिडचिडं, कमी बोलणारं मूल असेल तर त्याला शांत करायला मोबाईल जास्त दिला जातो. कॅनडात कॅल्गरी शहरातल्या २,४४१ आया आणि मुलांवर शेरी मॅडिगन यांनी केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे तपासलं. आधीचा जास्त स्क्रीनचा वेळ विकासाच्या चाचणीतल्या नंतरच्या कमी गुणांशी जोडलेला दिसला, पण आधीचे कमी गुण नंतरच्या जास्त स्क्रीनशी जोडलेले दिसले नाहीत. म्हणजे बाण मुख्यतः एकाच दिशेला होता.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे नुसते संबंध आहेत, पुरावा नाही. बरोबर आहे. मुलांना चिठ्ठ्या टाकून 'तू चार तास बघ, तू बघू नकोस' असं दोन-चार वर्षं कुणी करू शकत नाही. शिवाय अशा अभ्यासांत दिसणारे परिणाम सरासरीतले आणि बहुधा लहान असतात. एका मुलाने प्रवासात तासभर कार्टून पाहिलं म्हणून त्याची बुद्धी घटली, असा निष्कर्ष त्यातून कुणी काढू नये. पण छोटे प्रयोग, अंगावरच्या यंत्राच्या नोंदी आणि हजारो मुलांचे दीर्घ अभ्यास एकाच बाजूला बोट दाखवत असतील, तर सावध राहायला तेवढं पुरेसं आहे, असं माझं मत आहे.

आईवर बोट ठेवण्याचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यावर काही नामवंत तज्ज्ञ सांगत असत की आई थंड, कोरडी असेल तर मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) होतो. त्या मताने कितीतरी आयांचं आयुष्य अपराधी भावनेत गेलं. पुढे ते मत पूर्ण चुकीचं ठरलं. ऑटिझममध्ये अनुवंशाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे 'मातृघटक' असा शब्द छापताना आणि वाचताना आपण फार जपून राहायला हवं.

शिवाय अभ्यासात आईच का दिसते, याचं एक साधं कारण आहे : प्रश्नावली आईनेच भरलेली असते. वडिलांचा मोबाईल, वडिलांचं नैराश्य, वडिलांचं बाळाशी बोलणं यांची मोजणीच कमी झाली आहे. आकडेवारीत बाबा दिसत नाहीत, याचा अर्थ ते बाळाच्या वाढीत महत्त्वाचे नाहीत असा होत नाही.

तमिळनाडूच्या ग्रामीण भागात पाच वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलाचा स्क्रीनचा वेळ आईच्या स्वतःच्या स्क्रीनच्या वेळेशी जोडलेला आढळला. हा निष्कर्ष आईला सुनावायला वापरता येईल, आणि अनेक घरांत वापरला जाईलही. मला त्यातून वेगळा प्रश्न दिसतो. दिवसभर एका लहान मुलासोबत बंद खोलीत असलेल्या बाईला मोबाईलखेरीज कुणाशी बोलायला मिळतं?

नाशिकमध्ये हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कितीतरी जोडप्यांचं गाव शंभर-दोनशे किलोमीटरवर आहे. नवरा पाळीत, त्यातही रात्रपाळी असली की दिवसा त्याला झोप हवी, म्हणून बाळ रडता कामा नये. खेळायला अंगण नाही, शेजारी ओळखीचे नाहीत. अशा दुपारी आई मोबाईल देते तेव्हा ती घरातल्या तिन्ही माणसांची सोय लावत असते. पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर कामाला येतात. तिथे तान्हं बाळ सात-आठ वर्षांच्या ताईच्या मांडीवर असतं, आणि त्या ताईला बाळ गप्प ठेवण्याचा सोपा उपाय घरातल्या फोनमध्ये सापडतो. कायद्याने २०१७ पासून पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आहे, पण ती आस्थापनांत नोकरी करणाऱ्यांसाठी. बागेवर रोजंदारीला जाणाऱ्या बाईला ती मिळत नाही.

आणि नैराश्य. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार प्रसूतीनंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांना नैराश्याने गाठलेलं असतं, म्हणजे पाचांत एकीहून थोड्या जास्त. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणं वेगळं. पण दोन आठवड्यांनंतरही कशातच मन लागत नसेल, बाळ जवळ घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांनी 'नखरे' म्हणून तो उडवून लावू नये. 'टेली-मानस' ही सरकारी मोफत हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. बाळाचा मोबाईल सोडवायचा असेल तर काही घरांत पहिला उपचार आईवर करावा लागेल.

ओझं हलकं केलं तर काय होतं?

याचं उत्तर जमैकातून मिळतं. तिथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांसोबत प्रयोग केला. मुलं नऊ महिने ते दोन वर्षांची, घरं गरीब. काही घरांत आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा, तासभर जायची. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन ती आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. दोन वर्षं हे चाललं. त्या मुलांचा आकलनविकास सुधारला. वीस वर्षांनंतर त्यांना पुन्हा शोधून काढलं, तेव्हा त्यांची कमाई अशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

तिथे आईला कुणी रागावलं नव्हतं. तिच्या घरी दर आठवड्याला एक माणूस येत होता, एवढंच.

आपल्याकडे हे काम करू शकेल अशी व्यवस्था १९७५ पासून आहे, ती म्हणजे अंगणवाडी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'नवचेतना' हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा आणला. त्यात सेविकेने घरी जाऊन आईवडिलांना बाळासोबतचे खेळ दाखवणं अपेक्षित आहे. पण सेविकेवर आधीच पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन भरायची माहिती यांचा डोंगर आहे. तिला खरंच वेळ मिळाला, तर ही योजना मोबाईलवरच्या कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मग किती वेळ चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं : एक वर्षाखाली अजिबात नाही, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हेच सांगते : दोन वर्षांपर्यंत शून्य, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षांत मोठ्यांच्या देखरेखीखाली एक तासापर्यंत. झोप मात्र भरपूर हवी. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास.

एकदम शून्यावर येणं सगळ्यांना जमणार नाही. माझ्या मते आधी झोपण्याच्या आधीचा एक तास सोडवा. लंडनमध्ये १०५ कुटुंबांबरोबर हा प्रयोग झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. झोपेआधीच्या तासात स्क्रीन बंद केल्यावर लहान मुलांची झोप थोडी सुधारली. मग मागे चालणारा टीव्ही बंद करा. जेवणातला मोबाईल सगळ्यांत शेवटी, कारण तो सगळ्यांत चिवट असतो.

"मोबाईल नसेल तर तो घासच घेत नाही"

हे खरं असतं, आईची अतिशयोक्ती नसते. पडद्यात गुंतलेलं मूल तोंड उघडतं आणि पोटात अन्न जातं. पण पोट भरलं की नाही हे त्याला कळत नाही, चव कळत नाही, आणि त्या अर्ध्या तासातल्या गप्पाही जातात. पूर्वी चिऊ-काऊचा घास भरवताना जे व्हायचं त्यात खिडकीबाहेर बोट दाखवणं होतं, प्रश्न होते, वाट बघणं होतं. एकेक घास म्हणजे संवादाची एकेक फेरी होती.

सवय मोडताना तीन-चार दिवस ते मूल कमी खाईल, रडेल. नेमका तेव्हाच घरातल्या इतरांचा धीर सुटतो. "दे बाई त्याला, उपाशी राहील," हे वाक्य ज्याच्या तोंडातून निघतं, त्याने ते म्हणण्याऐवजी त्या जेवणाला बाळासमोर येऊन बसावं. वजन व्यवस्थित असलेलं निरोगी मूल एका वेळी कमी जेवलं म्हणून त्याचं काही बिघडत नाही. वजन मुळातच कमी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

रडणं थांबवण्यासाठी मोबाईल देण्याबाबतही एक सावधगिरी. जेनी रॅडस्की यांच्या गटाला २०२२ मध्ये असं आढळलं की तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शांत करायला वारंवार मोबाईल वापरला, तर पुढच्या महिन्यांत त्यांचं भडकणं वाढलेलं दिसतं, विशेषतः मुलग्यांमध्ये. राग आल्यावर स्वतःला सावरणं हेही शिकण्याचंच कौशल्य आहे.

मोबाईलमुळे ऑटिझम होतो का?

समाजमाध्यमांवर 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द फिरतो आहे. हे कुठलंही अधिकृत निदान नाही. खूप स्क्रीन बघणारं मूल हाकेला लक्ष देत नाही, कमी बोलतं, आणि स्क्रीन बंद करून माणसांत आणल्यावर काही मुलांत फरक पडतो, हे खरं. पण मोबाईलने ऑटिझम झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. या शब्दाचा मोठा धोका वेगळाच आहे. 'मोबाईल बंद केला की होईल नीट' म्हणत पालक सहा महिने वाट बघतात. खरोखर ऑटिझम असेल, किंवा मुलाला ऐकूच कमी येत असेल, तर लवकर मदत मिळण्याचे ते सहा महिने वाया जातात.

कधी थांबायचं नाही

वर्षाचं झालं तरी मूल 'बाबा, दादा'सारखी बडबड करत नाही किंवा बोट दाखवत नाही, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा आधी येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात गेलं, तर तपासणी लगेच करा. 'याचा बाबाही उशिराच बोलला होता' हे कारण सांगून थांबू नका. पहिली तपासणी कानाची. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची विकासाच्या दृष्टीने तपासणी होते आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवर पाठवलं जातं. गरोदरपणात मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावरही कुठल्या महिन्यात बाळाला काय यायला हवं ते चित्रांसह छापलेलं असतं. ते कार्ड लसीकरणानंतर कपाटात जातं, ते बाहेर काढा.

दवाखान्यात जाताना बाबांनीही जावं. आणि डॉक्टरांनी "मोबाईल किती?" विचारलं की लाजून आकडा कमी करून सांगू नका. टीव्हीचा वेळही त्यात धरा. त्यासोबत न विचारता आणखी तीन गोष्टी सांगा : मूल किती तास झोपतं, दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं, आणि त्याची आई किती तास झोपते.